खोंडाचा कौल

सांगून कुणाला पटायचं नाही, पण कामथडीच्या वरच्या अंगाला भैरोबाचं लहानसं देऊळ आहे, तिथं एका सकाळी खुद्द देवावरच खोटेपणाचा आळ आला.

आळ घेणारा होता ट्रक ड्रायव्हर मानसिंग. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी तो उकिडवा बसला होता.

"गेनबामामा, खोंडाला म्या केबिनमधी बशिवून पुण्याला नेला. मागं रेशनच्या साखरेची पोती. गडी शेजारी बसून आला, खिडकीतनं बघत बघत."

गेनबा गुरव कौलासाठी पाकळ्या भिजवत होता. "कशापायी नेला?"

"सातारा रोडला मुक्कामात दावं सुटलं त्याचं. कुठं तोंड घातलं कुणाला ठावं! म्हनलं, गरमीबिरमीचा रोग लागला आसंल तर कळावं. डाक्टरनं रगात काढलं. येवढी सुई टोचली, पण हूं का चूं केलं न्हाई." सांगता सांगता मानसिंगचा हात आपल्याच दंडावर गेला.

गुरवानं ते पाहिलं. "दावं सुटलं, का सोडलं?"

"सुटलं."

"मग डाक्टर काय म्हनला?"

"म्हनला, दोष न्हाई, तसा कागद बी दिला. आन लगीच म्हनला, दोन म्हैन्यांनी परत घिऊन ये, कवा कवा रगात उशिरा बोलतं. आता दोष न्हाई तर परत कशाला? आन तिथं बाटल्या वळीनं मांडल्याल्या, मामा. सगळ्यांचं रगात लालच. कुणाचं कुणाच्या नावावर गेलं, कोण बघतंय?"

"म्हंजे खोंडाला आज दावणीला घ्यायचा का लांब बांधायचा, ह्यो सवाल हाय."

मानसिंगनं मान हलवली. बाळंतपण उरकून त्याची बायको रतनबाई आज दुपारच्या एस्टीनं माहेराहून यायची होती. आईनं सकाळीच दोघांची अंथरुणं माजघरात नेऊन टाकली होती.

गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक पाकळी चिकटवली. "भैरोबा, पुण्याचा कागद खरा आसंल तर उजवी दे, खोटा आसंल तर डावी."

उजवी पडली.

"वाऱ्यानं पडली," मानसिंग म्हणाला आणि त्यानं उठून दार लोटून घेतलं.

पुन्हा लावल्या. पुन्हा उजवीच पडली.

"तुमी डावी दाबून लावता, मामा."

"आसं?" गुरव बाजूला सरला. "मग तूच लाव. पायजे तर देवाचं बी रगात काढून बघ."

मानसिंगनं हात धुतले, धोतराला पुसले, पाकळ्या लावल्या. दोन्ही अगदी सारख्या, बोट टेकवल्यासारख्या हलक्या. मग हात जोडून बसला. समई तडतडली. एक माशी देवाच्या मुकुटावर बसली, उठली. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"बघितलं?" मानसिंग दबक्या आवाजात म्हणाला. "ह्यो बी म्हनतोय, परत ये."

दार करकरलं. उंबऱ्याबाहेर रतनबाई उभी होती. एका हातात बोचकं, खांद्यावर टोपडं घातलेलं मूल.

मानसिंग धडपडत उठला. "तू... दुपारच्या एस्टीनं येनार व्हतीस न्हवं?"

"सकाळचीच गावली. म्हनलं, घरी जायच्या आधी पोराला देवाच्या पायावर घालावं."

"मग कवा आलीस?"

"खोंड केबिनमधी बसला, तवाच. देवळामागं भिंतीला टेकून पोराला पाजत व्हते."

मानसिंगनं मुलाला घ्यायला हात पुढं केले. तिनं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याला ओलांडून गुरवाकडं बघितलं.

"मामा, ह्ये खोटं बोलत्यात. आमच्या गोठ्यात एकली म्हैस हाय. सवाल ह्यांचं नाव घिऊन लावा. तवर म्या हितंच भाईर थांबते."