कंसाबाहेरचा दोन

साहेबांनी फळ्याकडे बोट करून प्रश्न विचारला आणि नववीच्या वर्गातले चाळीसही हात वर गेले. साहेब खूश झाले. शिंदखेड्याकडच्या या शाळेत तपासणी अशीच पार पडते. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना नुसते हात दिसतात, आणि धनसिंग सर उजवे बघून नाव घेतात.

कोकिळाचा डावा हात वर होता. उत्तर येत होतं म्हणूनच डावा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं सूत्र, Ca(OH)₂, फळ्यावर लिहून सरांनी आठवडाभर घोकून घेतलं होतं: अणू चार, वस्तुमान अठ्ठावन्न. काल ती म्हणाली, "सर, अणू पाच होतात. वस्तुमान चौऱ्याहत्तर."

सरांनी फळ्याकडे बघितलं. चूक त्यांना कळली, कान लाल झाले. मग हळूच म्हणाले, "आते बठ्ठा वर्गनं पाठ व्हयेल शे. तू डावाच हात वर कर."

डाव्या हातानं तिच्या घरी कुणी मीठसुद्धा वाढत नाही. तो वर धरून बसायची तिला शिसारी येत होती.

सरांनी तेजसचं नाव घेतलं. त्यानं उजवा हात खाली घेत खणखणीत उत्तर दिलं, "चार अणू. अठ्ठावन्न."

"शाब्बास. आता तू सांग," साहेबांनी नेमकं कोकिळाकडे बोट केलं. डाव्या-उजव्याची भानगड त्यांना कुठं ठाऊक?

"पाच अणू, साहेब. वस्तुमान चौऱ्याहत्तर."

"जरा कच्ची आहे, साहेब," सर घाईनं म्हणाले. "कोकिळा, खाले बस."

ती बसली नाही. "कंसाबाहेर दोन आहे, साहेब. दोन डबे समजा. एका डब्यात एक भाकर, एक मिरची. मग दोन डब्यांत मिरच्या दोन मोजायच्या अन् भाकर एकच?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.  मग पोरं बोटांवर मोजू लागली.

साहेबांनी टेबलावरची सरांची वही ओढून बघितली. "इथं तर अठ्ठावन्न लिहिलंय. लक्ष देत जा, बाळ." आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'उत्तम' लिहिलं. दोन मोठी माणसं, दोघांच्या हातात पेन, आणि बेरीज करायची तयारी एकाचीही नाही. किळस यावी ती अशा उत्तमाची.

"चला, शेवटचा प्रश्न," साहेबांनी वहीतलं पुढचं, तसंच कंसाबाहेर दोन असलेलं सूत्र वाचलं. "मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड."

पुन्हा चाळीस हात वर गेले.

"वा. आता तुम्हीच विचारा कुणाला तरी," साहेब सरांना म्हणाले.

धनसिंग सर एकेका बाकावरून नजर फिरवत गेले. तेजसचासुद्धा हात डावा होता. सगळ्या वर्गात उजवा हात एकच होता, आणि तो कोकिळाचा होता.