करदोड्यातली चावी

लग्नात अप्पांनी माझ्या नवऱ्याला मोटारसायकल दिली, पण चावी स्वतःच्या करदोड्याला बांधली. "मागं माझी लेक बसणार हाय, जावईबापू. आधी लायसन काढा." "ह्या हुलसूर गावात लायसन कोण बघायलाय, मामा?" तो हसायचा. आज सकाळी माहेरी येऊन चावीवरून त्यानं माझ्या मुस्काटात मारली, हँडलचं लॉक तोडलं आणि तारा जोडून गाडी चालू केली. अप्पांनी फाटकात वाट अडवली. ब्रेकऐवजी त्याच्या हातून रेस पिळली गेली. अप्पांचं डोकं दगडावर फुटलं, चाक छातीवरून गेलं. दुपारी शेवटची अंघोळ घालायला अप्पांचा करदोडा कापला, तशी चावी फरशीवर पडली. छातीवर टायरचा काळा वळ होता. "पाय घसरून पडले म्हणायचं," काका हळूच म्हणाले. "कुंकवाकडं बघ, पोरी." नवऱ्यानं हात पुढं केला. "आता दे की." मी चावी मुठीत आवळली. "अंघोळ थांबवा. आधी पोलिस येऊ द्यात."