जांभळे दोरे

शिरोड्याच्या किनाऱ्यावर शाळेची सफाई चालली असताना मुलांना जाळ्यात गुरफटलेलं कासव सापडलं. सरांनी त्यांच्यातल्याच तस्नीमच्या अब्बांना होडीवरून बोलावलं. ते सुरी घेऊन आले आणि वाळूत गुडघे टेकून फास कापू लागले. जाळी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून इथं प्रत्येक घर आपापल्या रंगाच्या दोऱ्यानं जाळं सांधतं. या जाळ्याचे सांधे जांभळे होते. “कुणाचं असेल हे?” सरांनी विचारलं. “काय म्हायत, सर,” मिहीर म्हणाला आणि तस्नीमकडे बघायचं त्यानं टाळलं. फाटके तुकडे सगळेच पाण्यात टाकतात, अब्बाही. अब्बांनी जांभळे दोरे तेवढे निवडून मुठीत घेतले. कासव सुटलं, टाळ्या वाजल्या. अब्बा उठले, मूठ मिटलेलीच. तस्नीमनं कचऱ्याची गोणी ओढत नेऊन त्यांच्यासमोर उघडी धरली. “अब्बा, आपले दोरे पण हेच्यात टाका.”