दिवेलागणीनंतरचा घास

"गिळलं! नीलेश, हिनं गिळलं ते!"

नीलेश नुकताच कामावरून आला होता. एक चप्पल पायात तशीच ठेवून तो आत धावला. हंसा जमिनीवर बसली होती, मांडीत दोन वर्षांची दिव्या आणि समोर खिचडीची वाटी. ट्यूबलाइटभोवती बारके हिरवे किडे भिरभिरत होते. राई गावात दिवाळीच्या सुमाराला हे ठरलेलंच. बिल्डिंगमागे अजून थोडी भातशेती उरलीय, आणि दिवा लागला की तिथली मंडळी न बोलावता घरात हजर होतात. त्यातलाच एक वाटीत पडला आणि हंसाला दिसेपर्यंत घास पोरीच्या तोंडात गेलाही होता.

नीलेशनं तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. दिव्या ते कडकडून चावली, खोकली, थोडी रडली आणि मग तिला उचक्या लागल्या.

"काही होत नाही गं. प्रोटीन असतं त्यात," तो म्हणाला खरा, पण दुसऱ्या हातानं नाक्यावरच्या डॉक्टरांचा नंबर शोधत होता. डॉक्टरांनी विचारलं, श्वास नीट चाललाय ना, अंगावर गांधी नाहीत ना? मग पाणी पाजा, लक्ष ठेवा, वाटलं तर घेऊन या. नीलेशचा जीव भांड्यात पडला. हंसाचा काही पडेना.

त्यानं रत्नागिरीला आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती आधी पोटभर हसली.

"अगो हंसा, काय नाय होत! मुंगी गिळली की पोर पोहायला शिकतं म्हणतात. हिनं तर उडणारा किडा गिळलाय, बघ हो, खिडक्या लावून घे!"

"उचक्या थांबत नाहीयेत, आई," हंसा म्हणाली.

"कोणतरी आठवण काढत असेल. पण कोण काढणार? आजी तर इथं फोनवरच आहे."

नीलेश हसला. त्यात हसण्यासारखं होतंही. हंसा उठून गॅलरीत गेली.

जैन घरातली पोर ती. माहेरी अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची. रात्री ताटात जीव पडतात, दिसत नाहीत, पोटात जातात, हे ती बोबडं बोलायची तेव्हापासून ऐकत आली होती. नीलेशला घरी यायला उशीर होतो, तिघांनी एकत्र जेवावं, म्हणून तिनं तो नियम सोडला. कुणी सोडायला लावला असता तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. आता पोरीच्या पोटात एक जीव गेला होता, आणि तो तिनंच भरवला होता. हे नीलेशला सांगितलं असतं तर त्यानं तिला जवळ घेतलं असतं, समजूतही काढली असती. पण त्याला ते कळलं नसतं.

माहेर भाईंदर पश्चिमेला, रिक्षानं जाण्याइतकं जवळ. तीन वर्षांत तिनं तो नंबर लावला नव्हता. लग्नाच्या दिवशी पप्पांनी सांगून टाकलं होतं, की तिचं नाव त्या घरात निघायचं नाही.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मम्मी," हंसा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रडतरडतच तिनं सगळं सांगितलं, गुजरातीत. नीलेशच्या घरात ती भाषा बोलायला तिला कुणीच नव्हतं.

"दिव्यानं?" मम्मीनं हळू आवाजात विचारलं. पोरीचं नाव तिला कुणी सांगितलं होतं, हंसाला कळेना. "श्वास बराबर आहे ने? पाणी पाजलं?"

"पाजलं. डॉक्टरांनाही विचारलं."

"मग मला कशाला विचारतेस?"

"भीती वाटतेय, मम्मी."

"अंधार पडल्यावर भरवलंस?" मम्मीनं विचारलं.

"हो."

मम्मी रागावली असती तर बरं वाटलं असतं. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या, आणि त्यांच्या वरताण आवाजात कुणीतरी विचारलं, "कोणाचा फोन आहे?"

पप्पा. हंसानं श्वास रोखला.

"वरच्या मजल्यावरची पिंकी," मम्मीनं उत्तर दिलं. "तिच्या छोकरीनं किडा गिळलाय. घाबरलीय बिचारी."

टीव्हीचा आवाज बंद झाला. हंसाला वाटलं, आता फोन कट होणार. पण पप्पांचाच आवाज आला, मघापेक्षा जवळून, आणि जरा जास्तच मोठ्यानं.

"तिला सांग, रडू नको म्हणावं. आपल्या हंसानंही गिळला होता, एवढीशी होती तेव्हा. भर दुपारी, उजेडात. काय झालं तिला?"

खाली रस्त्यावर एक रिक्षा वळून गेली. मग मम्मीनं घसा साफ केला आणि शेजारणीशी बोलावं तशा मोकळ्या आवाजात विचारलं,

"ऐकलं ने, पिंकी?"

हंसानं फोन कानाशी घट्ट धरला.

"हा, मासी," ती म्हणाली.