एअर फ्रायरची आंघोळ

एअर फ्रायरचा दिवा लागत होता, पंखाही फिरत होता, पण तो काही केल्या तापत नव्हता. मेकॅनिकने वायर तपासली, आतलं भांडं काढून पुन्हा नीट बसवलं, मग अख्खं यंत्र उलटं केलं. चार थेंब पाणी ओट्यावर पडलं.

“याला आंघोळ घातली की काय कोणी?” तो हसला.

बाबांचा मुलगा हसला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. “नळाखाली धरलास? एवढी शिकलेली ना तू?”

जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण घरात नुसते बसून खातो असं कोणाला वाटू नये, म्हणून परवा दुपारी त्यांनीच तो घासून लख्ख केला होता. ‘मी धुतला’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते; त्यांनी समोरचा पेपर उचलून तोंडासमोर धरला.

“माझंच चुकलं,” सून म्हणाली. “घाईत होते.”

संध्याकाळपर्यंत मुलगा तिच्याशी अवाक्षर बोलला नाही. शेवटी न राहवून बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “अगं, तो फ्रायर...”

“परवा तुमचा ओला सदरा मीच वाळत घातला, बाबा,” भाजी चिरता चिरता ती हळूच म्हणाली. “बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. त्याला मात्र काही सांगू नका. माझ्यावरचा राग दोन दिवसांत उतरतो. तुमच्यावर रागावला, की तुम्ही जेवायचं सोडता.”