ठेक्याचा चष्मा

“चष्मा लावा, हवालदार. आज मला नावं पाहिजेत.”

सुपरवायझर भगवानराव बांधाआड उकिडवे बसले होते. ते बाहेरगावचे, इथल्या बाया त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या. सहकारी कारखान्याच्या या तळ्यात आसपासच्या दहा गावांतलं शेवटचं पाणी उरलं होतं. पहाटे बाया कुंपणाची तार वाकवून पाणी न्यायला आत शिरत. नावं मिळाली की तक्रार पोलिसात जाणार होती.

राखणीवरचा माजी फौजी हवालदार गहिनीनाथ पंधरा दिवस एकच सांगत होता, “माणसं दिसत्यात सायेब, तोंडं न्हाई दिसत.” ते खरंच होतं. फौजेतून परत आल्यापासून तो कधी खोटं बोलला नव्हता. शेवटी भगवानरावांनी बजावलं, चष्मा आणा, नाहीतर बंदूक जमा करा.

माजी सैनिकांचे चष्मे आधी फौजेच्या दवाखान्यातच मिळत. आता ते काम एका ठेकेदाराला दिलेलं. त्याचा एक चष्मा धड येईल तर शपथ. “माझा लावला अन् म्हशीला सलाम ठोकला बे!” सुग्रीव फौजी पारावर सांगायचा.

गहिनीनाथाचा कालच आला होता. नंबर बरोबर निघावा म्हणून बायकोनं, तुळजाबाईनं, महादेवाला साकडं घातलेलं. पिंडीवर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. टँकर आठवड्यानं यायचा, तरी तिचा नेम एक दिवस मोडला नव्हता.

पलीकडच्या काठावर तार किणकिणली.

गहिनीनाथानं चष्मा लावला. बाभळीचा काटा न् काटा दिसला. बायांनी पदर पुढे ओढले होते, तरी ओळखू येत होत्या. मुक्ताबाई. सटवाची सून. शेवटची पाण्याशी वाकली. तिच्या कळशीला पोचा होता. गेल्या दिवाळीत ती कळशी त्याच्याच हातून पडली होती. कळशी बाजूला ठेवून तिनं आधी एक छोटा तांब्या भरला, कपाळाला लावला.

“कोण कोण हाय? बोला की!” भगवानराव कुजबुजले.

गहिनीनाथानं चष्मा काढला. उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. कळशी भरेपर्यंत तो बघत राहिला. मग खांद्यावरची बंदूक उतरवून त्यानं भगवानरावांच्या पुढ्यात ठेवली.

“ठेक्याचा चष्मा हाय, सायेब. नंबर चुकलाय.”