घुबडाच्या पायातला दगड

“काका, घुबडाला दगड मारला की ते तो झेलून नेतं, नदीवर घासत बसतं आणि मारणारा झिजत जातो, हे खरं का?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून घुबडांचे फोटो काढायला आलेल्या काकांना ऋतुजानं भरअंगणात विचारलं. कुंपणाआड तिघी फिदीफिदी हसल्या.

काका मात्र हसले नाहीत. “त्याच्या पायात काय असतं, ते तूच फोटो काढून बघ,” म्हणत त्यांनी कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला.

ऋतुजाच्याच घराच्या माळ्यावर, झरोक्यात घुबडाचं बिऱ्हाड होतं. परवा ताईला बघायला पाहुणे येणार, अपशकून नको, म्हणून आप्पा उद्या तो झरोका विटांनी बुजवणार होते.

दिवेलागणीला घुबड उडालं. ऋतुजा पंखांच्या फडफडीची वाट बघत राहिली आणि फोटोत आलं नुसतं आभाळ. “अगं, त्याचे पंख वाजतच नाहीत,” काका म्हणाले. “कान नको, डोळे लाव.” मग तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. घुबड परतलं, तशी तिनं कळ दाबली.

पडद्यावर पसरलेले पांढरे पंख आणि पायात दगड नव्हे, उंदीर! भाताची पोती कुरतडणारा, चांगला गलेलठ्ठ. झरोक्यातून पिल्लांची फुसफुस ऐकू आली.

ती धावतच स्वयंपाकघरात शिरली. “आई, आप्पा, झरोका बुजवायचा नाही. पाहुण्यांना घुबड मीच दाखवणार. जे घाबरतील, त्यांच्या घरी आपली ताई जाणार नाही!”